काड्यांची वाकळ

इरा आणि निहार,

परवा तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना मी पलंगावरची वाकळ झटकत होते. इरा म्हणाली, शाळेत कापडाच्या कलेचं प्रोजेक्ट आहे, तुझ्या गोधडीचा फोटो पाठव. आणि मग विचारलं, "आजी, तिला एवढी भोकं का आहेत?" मी म्हटलं, "सांगते." तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि फोन बंद झाला. तुम्ही बहुधा विसरलाही असाल. मी मात्र तेव्हापासून घरात नुसती फिरते आहे. कपाट आवरायला घेते आणि अर्धवट सोडते. चहा टाकते आणि तो उतू जातो. असं माझं होत नाही, हवं तर तुमच्या बाबाला विचारा. लिहून काढल्याशिवाय ही फिरफिर थांबायची नाही, म्हणून टेबलाशी बसले आहे. मराठी अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. त्याला यातलं निम्मं माहीत आहे. पण तो ते आपणहून सांगणार नाही.

शिवाय दिवसही तेच आहेत. तुम्ही येता ते डिसेंबरात, तेव्हा तासगावात बागेतले घड अजून हिरवे, आंबट असतात. बेदाण्याचा हंगाम तुम्ही पाहिलेला नाही. तो येतो होळीच्या अलीकडे-पलीकडे. द्राक्षं तोडून तेलकट पाण्यात बुडवतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. शेड म्हणजे लांबलचक मांडव. भिंती नाहीत, आत एकावर एक जाळ्या ताणलेल्या, बाजूंनी हिरवं कापड. वारा आत फिरतो आणि मणी हळूहळू सुरकुततात. माल वाळला की जाळ्या हलवून तो खाली पाडतात. मग बायका गोल करून बसतात आणि काड्या, देठ, काळे मणी निवडून काढतात. बोटं चालत असतात, तोंडंही चालत असतात. गंधकाची धुरी दिली की तो वास रस्त्यापर्यंत येतो. काडेपेटीची काडी ओढल्यावर पहिल्या क्षणी नाकाला झोंबतो, तसा. आत्ता मी हे लिहिते आहे तर खिडकीतून तोच येतो आहे. खिडकी लावली तरी येतो.

आणि या दिवसांत सगळं गाव मान वर करून चालतं. माल जाळीवर असताना चार थेंब पडले तरी मणी काळे पडतात. तुमच्याकडे पाऊस म्हणजे खिडकीत बसून बघायची गोष्ट. इथे फाल्गुनात तो शब्द कुणी मोठ्याने काढत नाही. दुकानदार सुटे पैसे देतानाही एक डोळा आभाळाकडे ठेवतो. मी साताऱ्याची, मास्तरांच्या घरातली. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटायचं, या लोकांना एका जागी बसता का येत नाही? पुढे मलाही येईनासं झालं.

तुमचे आजोबा जन्मभर बेदाण्यातले. आपली बाग, आपलं शेड, रस्त्यापलीकडे. मणी दोन बोटांत दाबून ते सांगायचे, उद्या उतरवायचा की परवा. मग त्यांचं ते दुखणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग मी. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, "ओ बाई, वाईच पानी द्या." सगळं गाव मला बाईच म्हणतं. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची मी बाई. पण घरात मी कधी बाई नव्हते. पाणी दिलं. ते म्हणाले, "उपकार झाले."

हात मात्र काही विसरले नाहीत. तुम्हाला कसं सांगू, हात सारखे काहीतरी निवडत असायचे. चादरीची किनार, सदऱ्याची बटणं, भिंतीचा पोपडा, ताटातला भात. चिमटीत धरायचं, ओढायचं, बाजूला टाकायचं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. हंगाम जवळ आला आणि ते वाढलं. गंधकाचा वास आला की उठून फाटकाशी जायचे. कडी लावली तर कडी हलवत उभे राहायचे. मी त्यांना परत आणून बसवायचे, पाठ फिरवायचे, की पुन्हा कडीचा आवाज. तो आवाज मला आजही ऐकू येतो. परवा वाऱ्याने फाटक वाजलं तर मी हातातलं टाकून उठले.

एका दुपारी डोळा लागला. जागी झाले तर फाटक उघडं. रस्त्यावर यायला आणि समोरून एक बाई धावत यायला एकच गाठ पडली.

"आवं बाई, मालक आमच्यात येऊन बसल्याती. काड्या निवडत्यात. पायात काय न्हाई त्यांच्या."

ते शेड आमचं नव्हतंच, त्याच्याही पुढचं होतं. मधे मोठा रस्ता. या दिवसांत त्यावर द्राक्षांनी भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक असतात. तो रस्ता त्यांनी अनवाणी, एकट्याने ओलांडला होता. मी पोहोचले तेव्हा ते बायकांच्या मध्ये मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही विसरल्याची खूण नव्हती. तळपायांना मात्र फोड आले होते.

हे मी तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, पुण्यात एक चांगली जागा आहे. अशाच माणसांसाठी. मी चौकशी केली आहे. एप्रिलमध्ये येतो आणि अण्णांना तिथे पोहोचवतो. तू एकटी किती दिवस पुरणार?" मी हो म्हटलं. तो चुकीचं काही बोलत नव्हता, आणि नाही म्हणायला माझ्याकडे ते फोड सोडून दुसरं काही नव्हतं. त्या जागेवाल्यांनी सांगितलं होतं की प्रत्येक कपड्यावर नाव हवं. मी सदरे, पायजमे बाहेर काढले आणि कॉलरच्या आत त्यांचं नाव लाल दोऱ्याने शिवायला घेतलं. बॅग खुंटीला अडकवली. काम समोर असलं की मला बरं वाटतं. त्या वेळी मात्र एक सदरा झाला की मी उठायचे, घरभर फिरायचे, पुन्हा बसायचे.

त्याच आठवड्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे दिलेल्या. त्यांचे यजमान सुभेदार होते, ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एसटीतून उतरल्या त्या बोचकं काखेत मारूनच. आत येऊन भावाकडे पाहिलं, खुंटीवरच्या बॅगेकडे पाहिलं, आणि बसल्या.

"पुन्याला न्हेनार म्हनं."

"प्रसाद म्हणतोय. चांगली जागा आहे, वन्सं. नर्स असतात, डॉक्टर असतात."

"आन बेदाना असतूया का?"

मला राग आला. "वन्सं, तुम्ही आत्ता येताय."

"व्हय की. म्हनून तर इचारतीया. मला काय ठावं तिथलं."

भावाला सांभाळायचं त्यांचं तंत्र साधं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पदराची गाठ भावाच्या मनगटाला मारली. लहानपणी जत्रेत असंच करायचे म्हणे. थोड्या वेळाने आजोबा उठले आणि बहिणीला घेऊन फाटकापर्यंत चालत गेले. "आरं थांब रं, पदर सुटंल माझा," म्हणत वन्सं मागून. मी हसले. मग त्याही हसल्या. फार दिवसांनी त्या घरात कुणी हसलं असावं.

वन्संना रिकामं बसता येत नसे. बोचक्यात जुनी लुगडी होती, त्यांची वाकळ शिवायला त्यांनी ओसरीवर पसरली. थरावर थर घालून कडेने आत असे धावदोऱ्याचे टाके घालत जायचं, हे तुम्ही पाहिलं आहे. त्या दोरा संपला की नुसती गाठ मारायच्या, टोक कापायच्या नाहीत. आजोबा शेजारी बसले होते. त्यांनी एक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. मग दुसरं. उपटलेले दोरे गुडघ्याजवळ गोळा करू लागले. ऊन ओसरीवरून उतरलं तरी ते तिथेच होते. आम्ही दोघींनी ते एकाच वेळी पाहिलं आणि दोघीही गप्प राहिलो, अंगणात पाखरू उतरल्यावर राहतो तशा.

मग ठरलं. एक वाकळ अशी करायची की जिच्यावर काड्याच काड्या असतील. मी माझ्या शाळेच्या सुती साड्या काढल्या, खाली अस्तराला आजोबांची धोतरं. मध्ये एक तुकडा तुमच्या बाबाच्या शाळेच्या खाकी चड्डीचा. सांगलीच्या बाजारातून देठाच्या रंगाची हिरवी लोकर आणली. खडूने आणि पट्टीने रेघा आखल्या आणि सारख्या अंतरावर लोकरीच्या काड्या ओवल्या.

वन्सं बघत होत्या. "बाग लावतीयास व्हय गं, अंतर धरून?"

"सरळ दिसायला नको का?"

"त्याला काय परीक्षेला बसवायचाय?"

पण त्यांनीही माझ्या रेघेवरच काड्या लावल्या. दोघींची बोटं सुजली. वाकळ इतकी सुंदर दिसत होती की मी ती दोनदा दुरून पाहिली.

आजोबांनी ती मांडीवर घेतली. एक काडी चिमटीत धरली, फिरवली, नाकाशी नेली. मग वाकळ बाजूला सारली.

"वला हाय," ते म्हणाले.

वन्संनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. "वाळलाय रं. लय दिस झालं घालून."

"तुला काय कळतंय त्यातलं? काडी हिरवी हाय अजून. वल्या मालाला हात लावायचा न्हाई. वाळू द्या."

कित्येक आठवड्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. आणि खरंच होतं ते. ओला देठ ओढला की मण्याची साल निघते. बेदाण्यातला माणूस हिरव्या काडीला हात लावत नाही, हे मला इतकी वर्षं त्या घरात राहून सुचलं नव्हतं. वन्संनाही नव्हतं. सुंदर दिसण्याच्या नादात आम्ही दोघींनी कच्चा माल केला होता.

वाळू द्या म्हणाले, म्हणून वाकळ अंगणातल्या तारेवर घातली. आजोबा खाली खुर्ची टाकून राखणीला बसले. फाटकाकडे फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी विट्याच्या बाजूने काळं आभाळ चढलं आणि ते ओरडले, "झाका. झाका रं माल." मी स्वयंपाकघरातून आणि वन्सं मोरीतून धावत आलो. दोन म्हाताऱ्यांनी तारेवरच्या एका वाकळीवर ताडपत्री ओढली आणि तिची टोकं धरून उभ्या राहिल्या. पाऊस आला नाही. नुसताच वारा येऊन गेला. आभाळ मोकळं झाल्यावर आजोबांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. कामाला चांगल्या बायका मिळाल्या म्हणून हलवावी तशी.

आता वाळलेल्या काड्या हव्या होत्या. दुकानात तपकिरी लोकर मिळाली असती. पण संध्याकाळी वन्संनी बोचक्यातून एक मफलर काढला. त्यांच्या यजमानांचा, काश्मीरच्या पोस्टिंगवरून आणलेला, तपकिरी. थंडीत त्या तोच कानाला बांधायच्या.

"वन्सं, हा नको."

"मग काय पुरून ठिवू? धर ह्ये टोक, उसव."

मी टोक धरलं. त्या मफलर फिरवत गेल्या आणि लोकर सुटत गेली. तुम्हाला माहीत नसेल, विणलेली लोकर उसवली की सरळ होत नाही. इतकी वर्षं ज्या टाक्यांत बसलेली असते त्यांची वळणं तिच्या अंगात राहतात. त्या वळणांमुळे ती हुबेहूब वाळक्या देठासारखी दिसत होती. मफलर संपत आला तेव्हा वन्सं म्हणाल्या, "लय ताठ मानंचा मानूस हुता. हितं बांधल्यावर आनखी ताठ दिसायचा."

त्या काड्या आजोबांनी घेतल्या. पहिली उपटून त्यांनी दातांखाली धरून पाहिली, आणि म्हणाले, "झाला."

मग रोजचं ते सुरू झालं. सकाळी वाकळ मांडीवर. ते एकेक काडी ओढून स्टीलच्या ताटात टाकायचे. दुपारपर्यंत ओळी मोकळ्या व्हायच्या. ते झोपले की आम्ही दोघी ताटातल्या काड्या पुन्हा सुईत ओवून जागच्या जागी बसवायचो. रोज तीच लोकर, तीच भोकं. इरा, तुझ्या प्रोजेक्टमध्ये कलेबद्दल काय शिकवतात मला ठाऊक नाही. मी शिकले ते असं की शिवलेलं टिकावं. हे आम्ही उसवावं म्हणून शिवत होतो. आजारी माणसाचं सगळंच तसं असतं. अंघोळ घातली, उद्या पुन्हा घालायची. भरवलं, संध्याकाळी पुन्हा भरवायचं. नाव सांगितलं, ते पुसलं, पुन्हा सांगायचं. यातलं काहीच जमा होत नाही. नीटनेटक्या माणसाला याचा फार त्रास होतो, कारण आवरून झालं असं कधी म्हणताच येत नाही. वाकळीवर निदान ते डोळ्यांना दिसत होतं.

पण बॅग खुंटीला होतीच. त्याच सुईने मी दुपारी काड्या ओवत होते आणि संध्याकाळी कॉलरमध्ये नाव शिवत होते. एप्रिल जवळ येत होता. वाकळीमुळे ते दिवसभर बसतात, असं म्हणून तुमच्या बाबाला येऊ नको सांगावं, असं मनात यायचं. मग फाटकाची कडी आठवायची. उद्या वाकळीचाही कंटाळा आला तर? मलाच कंटाळा आला तर? वन्संनी एक सदरा उचलून कॉलर बोटाने चाचपली आणि खाली ठेवला. "टोचंल त्येला," इतकंच म्हणाल्या.

तुमचा बाबा आला तो थकलेला, विमानातून थेट गाडीने. आजोबा ओसरीवर वाकळ घेऊन बसले होते. तो समोर वाकला. "अण्णा, मी प्रसाद."

आजोबांनी त्याला खालून वर पाहिलं. "नवा हायस? हात धुतलास का?"

"नाही."

"धुवून ये. मालाला हात लावायच्या आधी धुवायचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मोरीकडे बोट दाखवलं. तो हात धुवून आला आणि शेजारी बसला. त्याला मांडी घालता येत नव्हती, पाय एकीकडे काढून बसला. आजोबांनी वाकळीचं अर्धं टोक त्याच्या गुडघ्यावर दिलं. त्याने एक काडी धरली आणि जोराने ओढली. टर्रकन कापड फाटलं.

"आरं, असं न्हवं. मनी फुटतूया. देठ वडायचा, मनी सोडायचा."

त्याने पुन्हा ओढली, पुन्हा फाटलं. त्याला समोरचं दिसत नसावं. मग आजोबांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला, त्याच्या दोन बोटांत काडी धरून दिली, आणि हळू, वळणावळणाने ती बाहेर काढली. "असं. घाई न्हाई करायची. दिस लय मोठा हाय." असं त्याला लहानपणी त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. तेव्हा वेळ नसायचा. हंगामात ते शेडवर आणि हा शाळेत.

दिवे लागेपर्यंत तो तिथे बसला. वन्सं चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लागली रं तुजी हजेरी." आजोबांनी वर न बघता सांगितलं, "पोरगं बरं हाय. शिकंल."

पुण्याचं त्याने त्या दिवशी काढलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बॅग खुंटीला नव्हती. तो कपाटासमोर जमिनीवर बसून त्यातले सदरे परत कप्प्यात लावत होता. सगळ्या घड्या चुकीच्या. जाताना त्याने फाटकाला वर एक दुसरी कडी बसवून घेतली आणि रोज दोन वेळा फोन करायचं ठरवून दिलं. ते त्याने पाळलं. घड्या मी तो गेल्यावर नीट केल्या. कॉलरमधली नावं उसवली, सदरे टोचू नयेत म्हणून.

तर इरा, बारीक भोकं आहेत ती आजोबांची. हात इतका हलका की कापडाला कळलंही नसेल. आणि बोट जाईल एवढी मोठी जी फाटकी जागा आहे, खाकी तुकड्याच्या बाजूला, ती तुझ्या बाबाची.

आजोबांनी पुढचा हंगाम पाहिला नाही. दिवाळीआधी, घरातच, एका दुपारी गेले. वाकळ पायांवर होती. दिवसकार्य उरकल्यावर एकदा वन्संनी सवयीने ती मांडीवर घेतली, ताट ओढलं, सुईत लोकर ओवली. मग कितीतरी वेळ सुई तशीच हातात. मी म्हटलं, "राहू द्या, वन्सं." त्यांनी सुई काढून दोऱ्याच्या रिळाला टोचली. ताटातल्या काड्या आम्ही कुठे ठेवल्या, ते आता दोघींनाही आठवत नाही. मी सगळ्या घरभर शोधल्या आहेत.

आजही दुपारी आभाळ आलं होतं. वन्सं आता माझ्याकडेच असतात. त्यांचे गुडघे गेले आहेत. त्या ओसरीवर होत्या, मी इथे टेबलाशी. आपला कसलाच माल आता बाहेर नसतो, तरी दोघी एकदमच उठलो आणि फाटकापर्यंत जाऊन आलो. "गेलं तिकडं आटपाडीकडं," वन्सं म्हणाल्या. मी आत येऊन इथवर लिहिलं. अजूनही पाय थाऱ्यावर नाहीत. लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटतं आहे.

फोटो पाठवते. वाकळ मात्र पाठवत नाही, ती प्रवासात टिकणार नाही. मफलर संपला. शेड आता दुसरे लोक चालवतात. वन्सं आहेत, मी आहे. वाकळ माझ्या पलंगावर आहे, आणि तिच्या उशाकडच्या कडेला तपकिरी काड्यांची एक ओळ अजून शिल्लक आहे.